मोजणारी

होडीची कड पुन्हा चुकली. तिने पडद्यावरची हिरवी रेघ पुसून टाकली, पेन कपड्याला पुसलं आणि जखमेच्या वरच्या टोकापासून रेघ नव्याने ओढायला घेतली.

होडी हे नाव तिनेच पाडलेलं. या खोलीत येणाऱ्या फोटोंना नाव नसे, वय नसे, बाई की पुरुष हेही नसे, नुसता क्रमांक. क्रमांक तिच्या लक्षात राहत नसत, आकार राहत. म्हणून एक बदाम होता, एक इस्त्री होती, एक उलटा स्वल्पविराम होता. होडी उजव्या पावलाच्या बाहेरच्या अंगाला होती. सुरुवातीला चांगली ऐसपैस होती, मग आठवड्या-आठवड्याला अंग चोरत गेली आणि आता हट्टी मुलासारखी अडून बसली होती. या वेळच्या फोटोसोबत डॉक्टरबाईंचा निरोप होता: आकडा आजच हवा. त्याचा अर्थ तिला ठाऊक होता. आकडा हलेनासा झाला की यंत्र काढतात आणि पावलाचा पुढचा भाग ठेवायचा की काढायचा ते ठरवतात. असे निरोप पूर्वीही आले होते. ती शांतपणे मोजायची, आकडा पाठवायची आणि चहा प्यायला जायची.

रस्त्यापलीकडच्या इमारतीत, वॉर्डात, दोन यंत्रांची तुलना चालली होती. दोन्हींचं काम एकच. जखमेत स्पंज भरायचा, वरून पारदर्शक चिकट पडदा लावून ती हवाबंद करायची आणि नळीवाटे आतली हवा आणि घाण पाणी ओढून घ्यायचं. त्या ओढीने कडा हळूहळू एकमेकींकडे सरकतात. एक यंत्र मोठं, विजेवर चालणारं, महागडं. दुसरी साधी डबी. हाताने दाबून चपटी केली की फुगता फुगता तीच हवा ओढत राहते. डबी मोठ्या यंत्राची बरोबरी करते का, एवढंच डॉक्टरबाईंना बघायचं होतं. कुणाला काय लावलंय हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. कळलं की हात वळतो, असं त्या म्हणत. म्हणून मोजणाऱ्याने वॉर्डात पाऊल टाकायचं नाही, असा दंडकच होता.

तिला हा दंडक फार सोयीचा वाटे. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिच्या पाठीवरच्या जखमा हीच धुवायची. आई कण्हायची, मग हिला सांगायची की दुखत नाही गं, तू कर. आई गेली त्या आठवड्यात ती बाबांना म्हणाली होती, "यापुढे मला कुणाची जखम दाखवू नका. माझ्याच्यानं आता बघवणार नाही." बाबांनी नुसती मान हलवली होती. आणि वर्षाच्या आत तिला नोकरी लागली ती जखमा बघायचीच! यावर बापलेक पोट धरून हसले होते. "फोटो असतात हो बाबा," तिने समजावलं होतं. "फोटोला वास येत नाही. आणि फोटो कण्हत नाही."

रेघ तिसऱ्यांदा वाकडी गेली. म्हणजे मोजपट्टीतच काहीतरी घोळ असणार. जखमेशेजारी एक कागदी पट्टी चिकटवून फोटो काढत, तिच्यावरून माप बसवायचं असे. बाकीच्यांची पट्टी जखमेला खेटून असायची आणि उरलेलं पाऊल हिरव्या कापडाखाली. होडीचं सगळंच उफराटं. कापड कायम मागे सरकलेलं आणि पट्टी भलतीकडे, बोटांपाशी. वॉर्डातली मंडळी झोपेत काम करतात की काय, असं पुटपुटत ती दर वेळी माप घाईघाईने बसवी आणि बोटं चौकटीबाहेर टाकून देई. आज तिने पट्टी नीट बघायला फोटो मोठा केला.

पट्टीच्या टोकाशी करंगळी होती. करंगळीच्या नखाला चिकटून आणखी एक नख होतं, तांदळाएवढं.

तिने टेबलाखाली पाय चपलेतून बाहेर काढला. पाहायची गरज नव्हती, तरी पाहिलं. तसंच नख. आईचं नव्हतं, बाबांचं होतं. लहानपणी बाबा म्हणायचे, "ठमे, तू हरवलीस ना, तर गावभर लोकांच्या चपला काढत फिरेन आणि शोधून काढेन तुला."

असं नख शेकडो लोकांना असतं, असं तिने स्वतःला बजावलं. पण एकदा दिसल्यावर मग दिसतच गेलं. टाचेची आडवी भेग. घोट्याच्या वर, बुटाची कड घासून घासून गुळगुळीत झालेली, केस न उगवणारी जागा. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात, ओल्या फरशीवर, बाबांनी उभी हयात रबरी बूट घालून काढली होती. साखरेचं दुखणंही जुनंच होतं. पायाला काही लागलं तरी आताशा कळत नाही, असं मागे एकदा बोलता बोलता म्हणाले होते आणि लगेच विषय बदलला होता. तिने तो बदलू दिला होता.

नोकरी लागल्यापासून ती वेगळी राहत होती, बाबांशी बोलणं फोनवरच व्हायचं. तिने फोन लावला.

"जेवलात?"

"कधीच. तू?"

"कुठे आहात बाबा?"

"कुठे असणार? पंपावर. दोस्ताची रजा काही संपत नाही, मग बसतो त्याच्या जागी. मोटर ऐकू येत नाही का?"

ऐकू येत होती. कित्येक आठवडे बाबांच्या बोलण्यामागे ती घरघर होती आणि तिने तिकडे कधी कान दिला नव्हता. निवृत्त झालेला पंपवाला मित्राच्या पंपावर जाऊन बसतो, यात नवल ते काय? आज तिने कान दिला. घरघर थांबली. थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा सुरू झाली.

"बंद पडली का हो?"

"छे. मधूनमधून दम खाते."

"पाण्याची मोटर दम खाते?"

पलीकडे काहीतरी करकरलं.

"जुनी झालीय," बाबा म्हणाले. "या वयात सगळेच खातात."

"पाय कसे आहेत?"

"कुणाचे?"

"तुमचे."

"दोन्ही जागच्या जागी आहेत. बरं, ठेव आता. पाणी सोडायची वेळ झाली." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

ओढायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. खांद्याला मोठं यंत्र अडकवून आवारात हिंडणारे पेशंट तिने पाहिले होते, हा आवाज तिच्या कानावरून गेला होता. म्हणजे माणूसही कळला आणि यंत्रही कळलं. तिला रडू आलं नाही. राग आला, आधी बाबांचा आणि मग त्याहून मोठा स्वतःचा.

ती पुन्हा पेन घेऊन बसली. जखमेच्या भोवती जी फिकट गुलाबी, ओली कातडी असते, ती नवी कातडी धरायची की जखम, हा रोजचाच प्रश्न. ठिकठिकाणी तो नजरेने सोडवावा लागतो. आज त्या कातडीचा प्रत्येक ठिपका तिला आपल्या बाजूचा वाटत होता. रेघ पुरी झाली. आकडा छान आला. होडी हलली होती, चांगली हलली होती. एक बोट दाबलं की आकडा गेला असता. तिचा आकडा कुणी पडताळत नसे. या इमारतीत तिचा हात म्हणजे दगडावरची रेघ, असं डॉक्टरबाईच लोकांना सांगत.

तिने रेघ पुसली. या वेळी मन घट्ट करून, सगळा गुलाबी भाग जखमेत धरून ओढली. होडी मागच्या आठवड्याहून मोठी निघाली. तीही पुसली. तिसरी त्या दोन्हींच्या मधून कुठूनतरी गेली, आणि ती का तिथून गेली हे तिला सांगता आलं नसतं. खोटा चांगला आकडा दिला आणि आत विष चढत राहिलं, तर पावलावर भागणार नव्हतं. खरा कुठला, ते मात्र आता तिचा हात सांगायला तयार नव्हता.

पेन तिथेच टाकून ती डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली. त्या उभ्याउभ्याच काहीतरी वाचत होत्या.

"मॅडम, हा एक फोटो मला मोजता येणार नाही."

"अंधुक आहे?"

"नाही."

डॉक्टरबाईंनी चष्मा वर सरकवला. "ओळखीचं माणूस?"

"हो."

"कोण ते मला सांगू नका. हात वळतोय का?"

"वळतोय."

"कुठल्या बाजूला?"

"आत," ती म्हणाली. मग आणखी विचार करून म्हणाली, "नंतर बाहेर. आता कुठेही."

डॉक्टरबाईंनी हातातले कागद खाली ठेवले. "बरं झालं आलात. पलीकडच्या खोलीत पाठवते फोटो, ते मोजतील. आज दुपारी ड्रेसिंग उघडणारच आहे. आकडा आणि पाय दोन्ही समोर ठेवून ठरवू."

"मी तिकडे जाऊ?"

"वॉर्डात?"

"हो."

"तिथे पाऊल टाकलंत, तर एकाचं नाही, सगळ्यांचंच मोजणं सुटेल तुमचं. कुणाला काय लावलंय ते दिसणारच की तुम्हाला. इतकं काम केलंत. नीट विचार करा."

विचार करण्यासारखं त्यात खरंच पुष्कळ होतं. पण ती जिन्यावर पोचली तेव्हा त्यातलं काहीच तिच्या मनात आलेलं नव्हतं.

रस्ता ओलांडून ती पलीकडच्या इमारतीत शिरली. वॉर्ड लांबट होता, दोन्ही बाजूंना खिडक्या. कुणाच्या उशाशी मोठं यंत्र घरघरत होतं, कुणी पांघरुणावर ठेवलेली डबी हाताने दाबून पुन्हा चपटी करत होतं. बदाम, इस्त्री, स्वल्पविराम सगळे इथेच कुठेतरी असणार. एक माणूस खदखदून हसत शेजाऱ्याला काहीतरी सांगत होता. आपण मोजलेली माणसं इतकी बोलतात, याचं तिला उगीचच आश्चर्य वाटलं.

बाबा खिडकीजवळच्या खाटेवर बसले होते. त्यांचं लक्ष यंत्रावरच्या दाबाच्या आकड्याकडे होतं, जन्मभर पंपाच्या काट्याकडे असायचं तसं. शेजारी सिस्टर ड्रेसिंगचं सामान मांडत होती. ही खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली.

बाबांनी वर पाहिलं. यंत्राची नळी पांघरुणाखाली सारली.

"पाणी सोडलंत?" तिने विचारलं.

"सोडलं," बाबा पुटपुटले.

"नातेवाईक का तुम्ही?" सिस्टरने हातमोजे चढवता चढवता विचारलं. "बरं झालं आलात. काकांकडे एक ते पंपवाले मित्र सोडले तर कुणी फिरकत नाही. पण पेशंट गोड हो. फक्त फोटोच्या वेळी माझ्याशी भांडतात. मी कापड घालते, हे मागे सारतात. पट्टी जखमेजवळ लावायला जावं, तर म्हणे बोटांजवळ लावा. काय तर म्हणे, मोजणाऱ्या बाईंना नीट दिसलं पाहिजे. मी म्हटलं, अहो, बोटं कोण मोजतंय तुमची?"

तिने बाबांकडे पाहिलं. बाबा पुन्हा दाबाचा आकडा वाचू लागले.

"बाबा."

"हं."

"तुम्हाला माहीत होतं."

"कागदावर सही घेताना डॉक्टरबाईंनी सांगितलं ना. फोटो एका माणसाकडे जाणार, त्याला तुमचं काही कळणार नाही, काळजी करू नका." बाबा पांघरुणाची कड सरळ करत होते. "इतकं सांगितल्यावर मी काळजी कशाला करतोय? लगेच सही केली."

"मला सांगायचं नाही?"

"तू म्हणाली होतीस ना, जखम दाखवू नका म्हणून. फोटो चालतो म्हणालीस. म्हटलं, फोटोत बघेल. कळलं तर कळलं. नाही कळलं तरी बघेलच की. तेवढंच बरं वाटायचं."

सिस्टरचे हात थांबले होते. ती एकदा बाबांकडे आणि एकदा हिच्याकडे बघत होती.

"मी बोटं छाटून टाकायचे, बाबा," ती म्हणाली. "दर वेळी. चौकटीबाहेर. वाटायचं, वॉर्डातल्या लोकांना काम येत नाही."

बाबांना हसू फुटलं. खांदे हलायला लागले, नळी हलायला लागली.

"म्हणजे डॉक्टरांच्या आधी तूच उरकलंस!"

"हसू नका."

"मग काय करू? इतके आठवडे मी पाय धुऊनबिऊन बसतोय तुझ्यासाठी!"

"काका, हलू नका हो," सिस्टर म्हणाली. तिने यंत्र बंद केलं. घरघर थांबली आणि ती जागा एकदम रिकामी वाटली. "ताई, तुम्ही जरा बाहेर थांबता का? बघवत नाही काही जणांना."

"थांबते इथेच," ती म्हणाली. "पाय धरू का?"

सिस्टरने तिला हातमोजे दिले. तिने टाच तळहातावर घेतली. ती ऊन होती आणि तिच्या कल्पनेपेक्षा जड होती. चिकट पडदा सुटू लागला तशी बाबांची मूठ खाटेच्या दांडीवर आवळली. करंगळीच्या बाजूला काही कळत नसलं तरी घोट्याकडे कळत होतं. स्पंज ओला करून सिस्टर तो हलकेच सोडवत होती. वास आला. आईच्या खोलीतला नव्हता, पण त्याच्या नात्यातला होता. तिने तोंड फिरवलं नाही.

"बाहेर जातेस का गं?" बाबांनी दात आवळूनच विचारलं.

"नाही. तुम्ही दुखतंय तर दुखतंय म्हणा."

बाबांनी दांडीवरची मूठ सोडली.

"दुखतंय," ते म्हणाले.

स्पंज निघाला. जखम समोर होती. पडद्यावर ती सपाट होती. इथे तिला खोली होती, ओल होती, आणि बाबांच्या प्रत्येक श्वासाबरोबर ती किंचित हलत होती. तिने कड शोधायचा प्रयत्न केला. कुठल्या टोकापासून सुरुवात करायची तेच सुचेना.

डॉक्टरबाई आल्या तेव्हा ती तशीच टाच धरून उभी होती. त्यांनी तिला पाहिलं, हातमोजे पाहिले, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. वाकून त्यांनी जखम नीट बघितली.

"आकडा आला," त्या म्हणाल्या. "अगदी सीमेवर. थोडी हलली म्हणावं तर हललीय, नाही म्हणावं तर नाही. थांबा म्हणणारे थांबा म्हणतील, काढा म्हणणारे काढा." मग त्या तिच्याकडे वळल्या. "तुमच्याइतक्या जखमा या आवारात कुणी बघितलेल्या नाहीत. आणि मोजणं तर आता तुमचं सुटलंच आहे. नुसत्या नजरेनं सांगा. भरतेय?"

बाबांनी श्वास रोखला होता. टाचेतून तिला ते कळलं. तिने जखमेकडे बघितलं, मग बाबांकडे, मग पुन्हा जखमेकडे.

"मला नाही सांगता येणार, मॅडम," ती म्हणाली. "माझे बाबा आहेत हे."

डॉक्टरबाईंनी मान हलवली. त्यांनी हातमोजे चढवले, जाळीच्या कापडाची घडी जखमेच्या तळाशी ठेवून बोटाने दाबली आणि उचलून खिडकीच्या उजेडात धरली. कापडावर ताजे लाल ठिपके उमटले होते, बारीक, पण सगळीकडे. त्यांनी दुसऱ्या टोकाला दुसरी घडी दाबून बघितली. तिच्यावरही उमटले.

"रक्त पोचतंय," त्या सिस्टरला म्हणाल्या. "आज काही काढत नाही आपण. आणखी एक आठवडा. नवा स्पंज घ्या."

सिस्टरने पाकीट फाडलं. हिचे दोन्ही हात अजून टाचेखालीच होते. तिने एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला.

"अहो सिस्टर," बाबा म्हणाले, "ते राहू द्या जरा. आधी हिला एक स्टूल द्या. माझी मुलगी आहे, मघापासून उभी आहे."